सेल्फ उचलेना, काटा लालात: शिरपूरकडच्या एका जुन्या पिकअपचं प्रकरण

गाडी पंधरा वर्षांपुढची. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिन, रोटरी डिझेल पंप, १२ व्होल्टचं वायरिंग, ८० एएचची बॅटरी. हीटर प्लग नाहीत, तापमानाच्या काट्याचा सोडला तर सेन्सरची भानगड नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. हंगामात शिरपूर तालुक्यातल्या गावांतून कापूस भरायचा, पळासनेरवरून बिजासन घाट चढून सेंधव्याच्या जिनिंगला टाकायचा. एरवी केळी आणि मिळेल ते भाडं.

जानेवारीच्या थंडीत गाडी तपासायला आली तेव्हा मालकाची तक्रार एका वाक्याची होती: "सकायले सेल्फ उचलस नही, अन घाटमा काटा लालमा जास." म्हणजे सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) उचलत नाही, आणि घाटात तापमानाचा काटा लालात जातो. खोदून विचारल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. रात्री हेडलाइट पिवळी पडते. एक्सिलेटर मध्येच जड होतो, पेडल सोडलं तरी पटकन वर येत नाही.

चार तक्रारी, आणि त्यांच्यावर चार वेगवेगळ्या ठिकाणी पैसे खर्च झालेले. बॅटरी नवी टाकली होती. सेल्फ खोलून बुश आणि कार्बन बदलले होते. एक्सिलेटर केबल दोनदा बदलली होती. गाडी तापते म्हणून रेडिएटरचं रॉडिंग (आतल्या नळ्यांची सळईने सफाई) केलं होतं आणि थर्मोस्टॅट काढून फेकला होता. यातलं एकही काम वाईट झालेलं नव्हतं. सेल्फचे बुश खरोखर नवे आणि घट्ट होते, बॅटरीवरचा महिना ताजा होता. तक्रारी मात्र जिथल्या तिथे.

अशा गाडीत पहिला प्रश्न "काय बिघडलं" हा नसतो. "हे सुरू व्हायच्या लगेच आधी गाडीवर कोणतं काम झालं?" हा असतो. उत्तर मिळायला वेळ लागला, कारण मालकाच्या मते त्या कामाचा या तक्रारींशी काही संबंध नव्हता. गणपतीच्या सुमारास क्लच प्लेट बदलली, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला. लगेच पाठोपाठ गाडी पासिंगला न्यायची होती. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं, आणि त्याआधी चेसीला काळा रंग मारायची पद्धत आहे. गिअरबॉक्स उतरवला, चेसी रंगवली. दोन्ही एकाच आठवड्यात.

पहिली मोजणी: बॅटरी

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजली तर १२.२५ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. हायड्रोमीटरने सगळ्या सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता) १.१९० ते १.२०० आली. सहाही सेल सारखे, म्हणजे एखादा सेल मेलेला नाही. बॅटरी खराब नाही, उपाशी आहे.

उपाशी का, याची दोन कारणं असू शकतात: उभ्या गाडीत करंट गळतोय, किंवा चालू गाडीत चार्जिंग पोचत नाही. पहिलं लगेच निकालात निघालं. निगेटिव्ह टर्मिनल सोडून मल्टिमीटर अँपिअरवर मध्ये लावला, ३० मिलीअँपिअर आले. पन्नासच्या आत असलं की त्या बाजूला बघायचं नाही. (मीटर असा मध्ये लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज जातो, आणि स्वस्त मीटरला फ्यूजच नसतो, तिथे मीटर जातो.)

दुसऱ्या कारणासाठी इंजिन चालू करून दीड-दोन हजार आरपीएमवर धरलं, हेडलाइट आणि ब्लोअर लावला. अल्टरनेटरच्या (चालू गाडीत बॅटरी भरणारं यंत्र) बी टर्मिनलपासून, म्हणजे करंट बाहेर पडतो त्या टोकापासून, त्याच्याच बॉडीला मोजलं: १४.२ व्होल्ट. उत्तम. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर: १३.४.

इथे प्रकरण उघडं पडायला लागलं. अल्टरनेटर त्याचं काम करतो आहे, पण वाटेत ०.८ व्होल्ट गायब. बहुतेक ठिकाणी मीटर फक्त बॅटरीवर लावतात, १३.४ दिसलं की "डायनामो कमी भरतोय" म्हणतात आणि अल्टरनेटर खोलतात. तो खोलून काही मिळालं नसतं. त्याचा रेग्युलेटर स्वतःच्या टर्मिनलला व्होल्टेज बघतो, त्याच्या लेखी सगळं ठीक होतं.

दुसरी मोजणी: सेल्फ मारताना

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून पद्धत सविस्तर.

चाकांना दगड, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल. डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवायची, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेटणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एकाने किल्ली मारायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. किल्ली एका वेळी पाच-सात सेकंदांच्या वर नाही, आणि मध्ये मिनिटभर विश्रांती. नाहीतर मोजता मोजता सेल्फ तापतो आणि आकडे बदलतात.

चार जागी मोजायचं. बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवर, क्लॅम्प आणि खुंटी यांच्यातही तोटा असू शकतो). मग बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या स्टडपर्यंत. मग बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या ब्लॉकवर एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडावर. आणि शेवटी थेट सेल्फवर, स्टड ते बॉडी. या गाडीत आले ते असे:

बॅटरीच्या खुंट्यांवर १०.४ व्होल्ट
पॉझिटिव्ह वाटेत तोटा ०.४ व्होल्ट
निगेटिव्ह वाटेत तोटा २.६ व्होल्ट
सेल्फला प्रत्यक्ष मिळालेले ७.४ व्होल्ट

पहिल्या आकड्यातून पुढचे दोन वजा केले की चौथा यायला हवा. येत नसेल तर मीटरची टोकं कुठेतरी नीट टेकलेली नाहीत, परत मोजायचं. पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत तोटा चालतो. निगेटिव्ह बाजूला ०.२, फार तर ०.३. इथे २.६ होता. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या दाबाचा चौथा भाग अर्थिंगच्या वाटेत जिरत होता, आणि सेल्फच्या नवीन बुशांना त्याचा काही पत्ता नव्हता.

खात्री करायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एक जम्पर केबल. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून थेट इंजिनच्या उचलायच्या हुकला लावली आणि सेल्फ मारला. त्याच अर्धवट भरलेल्या बॅटरीवर सेल्फ असा फिरला की मालकाने मान वळवून बघितलं.

बझर वाजला, तरी अर्थ खोटा

या गाडीचं अर्थिंग दोन टप्प्यांचं: बॅटरीच्या निगेटिव्हची केबल चेसीला, आणि चेसीपासून गिअरबॉक्सच्या बोल्टला विणलेल्या तांब्याची पट्टी. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे चेसीचा आणि इंजिनचा विजेचा संबंध फक्त या एका पट्टीने जोडलेला असतो. सेल्फची बॉडी इंजिनवर, अल्टरनेटरची बॉडी इंजिनवर. दोघांचाही करंट याच पट्टीतून जातो-येतो.

आधी कुणीतरी ही पट्टी तपासली होती. मीटर बझरवर लावला, बीप वाजला, "अर्थ ठीक आहे" म्हणून सोडून दिलं. त्यात त्या वायरमनला दोष देण्यात अर्थ नाही, मीटरनेच फसवलं. हिशोब बघा: सेल्फ अंदाजे १७० अँपिअर ओढतो, तोटा २.६ व्होल्ट. भागाकार केला तर रोध येतो साधारण ०.०१५ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो. म्हणजे जो दोष गाडी उभी करतो तो मीटरच्या ओहम रेंजला दिसूच शकत नाही, आणि बझर तर पट्टीचा एक तार शिल्लक असला तरी वाजतो. जाड केबल ओहमवर तपासायची नसते. तिच्यातून खरा करंट जात असताना व्होल्ट मोजायचे असतात.

पट्टी खोलली. गिअरबॉक्सकडचं टोक क्लचच्या कामात परत बसवलं होतं, पण मूळ बोल्ट हरवल्यामुळे लहान बोल्टवर, दातेरी वॉशरशिवाय. चेसीकडचं टोक वरून काळं चकचकीत. लगचा (पट्टीच्या टोकाला दाबलेल्या भोकाच्या चकतीचा) बोल्ट सैल केला तर त्याखालीही काळा रंग. म्हणजे चेसी रंगवली आणि मग रंगावरच लग आवळला. संपर्क होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. पट्टीचे तार लगजवळ हिरवे पडून निम्म्याहून जास्त तुटलेले. बोटाने वाकवल्यावर उरलेल्यांतले काही हातात आले.

आता बाकीच्या तक्रारी या पट्टीला धरून वाचा.

हेडलाइट पिवळी: अल्टरनेटरचे १४.२ तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. बॅटरी उपाशी: तेच कारण.

एक्सिलेटर जड: ही सगळ्यात बोलकी खूण होती आणि दोनदा हातातून सुटली. इंजिनला चेसीपर्यंतची वाट बंद झाली की करंट मिळेल त्या वाटेने जातो. एक्सिलेटर केबलचं बाहेरचं स्प्रिंगसारखं आवरण इंजिनवर एका बाजूला आणि बॉडीवर दुसऱ्या बाजूला टेकलेलं असतं. सेल्फ मारताना त्यातून काही अँपिअर गेले की आतला प्लास्टिकचा लायनर मऊ होतो आणि तार चिकटायला लागतो. जुनी केबल कापून बघितली तर लायनर मधोमध सुरकुतलेला होता. सेल्फ मारल्यावर एक्सिलेटर, चोक किंवा हँडब्रेकची केबल हाताला गरम लागली तर दुसरं काही न बघता अर्थ बघावा.

आणि तापमानाचा काटा. त्याचा सेन्सर एका वायरचा. परतीची वाट इंजिनच्या ब्लॉकमधून. पाणी तापलं की सेन्सरचा रोध कमी होतो, जास्त करंट वाहतो, काटा वर जातो. काट्याचा मीटर मात्र डॅशबोर्डवर, त्याचा आधार चेसीचा. अल्टरनेटर चालू असताना सगळ्या लाइटींचा परतीचा करंट चेसीतून खराब पट्टीमार्गे इंजिनकडे जातो, त्यामुळे ब्लॉक चेसीपेक्षा अर्ध्या-पाऊण व्होल्टने खाली बसतो. सेन्सरमधून थोडा जास्त करंट जातो, आणि काटा पाणी न तापताही वर सरकतो. याची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावायचा. या गाडीत काटा तत्क्षणी स्वतःच्या दोन जाडींएवढा वर गेला, बंद केल्यावर तितकाच खाली. सात-आठ लिटर पाणी एका सेकंदात तापत नाही आणि एका सेकंदात निवत नाही.

दुरुस्ती: पट्टी

बाजारातली तयार विणलेली पट्टी चालते, पण जुन्या चेसीसाठी ३५ चौरस मिमीची वेल्डिंग केबल जास्त टिकते. तार बारीक आणि पुष्कळ असल्याने ती इंजिनच्या थरथरीला वाकते. दोन तुकडे घेतले: एक चेसी ते गिअरबॉक्स, साधारण ४५ सेंमी, थोडी ढील ठेवून, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टपर्यंत. दुसरा तुकडा कंपनीने दिलेला नव्हता. तरी तो टाकावा असं आमचं मत, कारण मग पुढच्या पासिंगला चेसीला कितीही रंग लागला तरी सेल्फ अडत नाही.

लग तांब्याचे, कथिल चढवलेले, १० मिमी भोकाचे. ते हायड्रॉलिक क्रिम्परने दाबले. हातोडीने ठोकलेला किंवा नुसता झाळलेला लग इथे नको. झाळ तारांमधून वर चढते, केबल तिथे कडक होते आणि नेमकी त्या कडेला थरथरीने तुटते. क्रिम्पर आपल्याकडे नसला तरी मोटर पंपाची कामं करणाऱ्या दुकानात असतोच.

बसवायच्या जागी २५ मिमी व्यासाचा रंग आधी तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने पांढरं लोखंड दिसेपर्यंत काढला. लग थेट लोखंडावर, त्यावर दातेरी वॉशर, मग बोल्ट. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली, आणि जेलीवरून कडेने रंग. रंग नेहमी जोडाच्या वरून, जोडाच्या आत कधीच नाही.

बॅटरी काढून ८ अँपिअरवर (क्षमतेच्या दहाव्या भागाएवढ्या करंटवर) रात्रभर चार्जिंगला लावली, ग्रॅव्हिटी १.२५० ला येऊन थांबेपर्यंत. परत मोजणी: उभी १२.६५, सेल्फ मारताना खुंट्यांवर १०.८, पॉझिटिव्ह तोटा ०.४, निगेटिव्ह ०.१५, सेल्फला १०.२५. चालू गाडीत सगळे लाइट लावून बॅटरीवर १३.९ ते १४. हेडलाइटचा काट्याशी संबंध तुटला.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही

इथे काम संपायला हवं होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ छान फिरला आणि तरीही इंजिनने बराच वेळ घेतला. पेटलं ते अडखळत, मागून पांढरट धूर टाकत, आणि अर्ध्या मिनिटाने सुरळीत झालं. म्हणजे एकावर एक दोन दोष होते, आणि हळू फिरणाऱ्या सेल्फने दुसरा झाकून ठेवला होता. डिझेल इंजिन दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं. सेल्फ हळू फिरला की ती उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत जिरते. त्यामुळे आजवर "थंडीमुळे" हे एकच कारण सगळ्याला पुरत होतं.

सुगावा मालकाच्या एका सवयीत होता. घराजवळच्या उतारावर गाडी तोंड खाली करून लावायची, सकाळी दुसऱ्या गिअरवर सोडून चालू करायची. तिथे गाडी चटकन चालू व्हायची. जिनिंगच्या सपाट आवारात रात्र काढली की मात्र नाही. मालक म्हणायचा तिकडे थंडी जास्त. खरं कारण टाकीची उंची. तोंड खाली असलं की मागची टाकी वर राहते, लाइनमधलं डिझेल परत टाकीत उतरत नाही. सपाटीवर उतरतं. पण ते उतरायला लाइनमध्ये कुठून तरी हवा शिरावी लागते.

या पंपाला वेगळा फीड पंप नाही. रोटरी पंप स्वतःच टाकीपासून डिझेल ओढतो, त्यामुळे टाकी ते पंप ही संपूर्ण लाइन ओढीखाली असते. अशा लाइनला भेग पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. विहिरीवरच्या मोटरचा सक्शन पाइप हवा धरतो, पाणी चढत नाही, आणि पाइप बाहेरून कोरडाच दिसतो, तोच प्रकार. म्हणून "कुठे लीक दिसत नाही" हे इथे उत्तर नव्हे.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक नळी लावली. सकाळी सेल्फ मारताच तिच्यात डिझेलऐवजी लांबच लांब हवेचा पट्टा आला, मग फेस, मग डिझेल. आता शोध अर्धा-अर्धा करायचा. फिल्टरकडे येणारी टाकीची लाइन सोडली, तिच्या जागी नवी नळी लावून स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडली. कॅन बॉनेटमध्ये एक्झॉस्टपासून लांब, घट्ट बांधलेला, आणि सपाट जागी. रात्रभर ठेवलं. सकाळी नळी भरलेली, इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात पेटलं. म्हणजे फिल्टर, प्रायमर (फिल्टरवरचा डिझेल चढवायचा हातपंप), पंप निर्दोष. दोष टाकी ते फिल्टर.

त्या लाइनमध्ये टाकीच्या वर, चेसीच्या पट्टीआड रबरी नळीचा एक जोड आहे. हाताने चाचपल्यावरच सापडतो. तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. सायकलची ट्यूब डिझेलमध्ये फुगते आणि भुसभुशीत होते, महिन्या-दोन महिन्यांत तिचा काही उपयोग राहत नाही. पट्टीखाली मूळ नळी दगडासारखी कडक, आणि क्लिपच्या कडेने बारीक चीर. नळी गळते म्हणून क्लिप जास्त आवळली, जास्त आवळल्याने चीर वाढली, असा तो प्रवास.

८ मिमी आतल्या व्यासाची, डिझेलला चालणारी कापडी थराची नळी टाकली. साधी पाण्याची नळी नाही. फिल्टरचे बँजो बोल्ट (ज्यांच्या आतून डिझेल जातं असे पोकळ बोल्ट) खोललेच होते, तर त्यांचे तांब्याचे वॉशर नवे घेतले. नवे न मिळाल्यास जुना वॉशर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाकायचा, म्हणजे तांबं मऊ होतं आणि परत बसतं. ॲल्युमिनियमचा वॉशर मात्र दुसऱ्यांदा वापरू नये. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी काढून टाकलं.

एअर काढताना फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू दोन आटे सैल करून प्रायमर दाबत राहायचं, फेस जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत, आणि प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. एवढ्यावर पेटलं नाही तरच इंजेक्टरच्या दोन नट सैल करून सेल्फ मारायचा. त्या वेळी हात आणि डोळे लांब. तिथला दाब दोनशे बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीत शिरते. अशी जखम टोचल्याएवढी दिसते पण थेट दवाखान्याची असते.

काटा खोटा होता, पण पूर्ण खोटा नव्हता

अर्थ ठीक झाल्यावर काटा खाली आला, पण घाटाच्या माथ्यावर तो अजूनही नेहमीपेक्षा वर होता. थर्मोस्टॅटच्या डबीवर काळी टेप चिकटवून लेझर थर्मामीटरने मोजलं तर ९७ अंश. (टेप हवीच. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र बरंच कमी दाखवतं.) म्हणजे थोडं तापणं खरंच होतं.

कारणं दोन निघाली. रेडिएटरच्या जाळीत कापसाची रुई आणि धूळ मिळून नमदा झालेला, तोही पंख्याच्या कव्हरच्या आतल्या बाजूला, समोरून दिसणार नाही असा. आतून रॉडिंग करूनही बाहेरची जाळी तशीच होती. इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, मंद दाबाच्या पाण्याने धुतली. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाती आडवी होतात.

दुसरं, काढून टाकलेला थर्मोस्टॅट. आपल्याकडच्या उन्हामुळे तो काढायची सवय सर्रास आहे आणि ती मोडायला हवी. या इंजिनातला थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच हालचालीत बायपासचं भोक (रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारी वाट) बंद करतो. तो नसला की पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता बायपासमधून इंजिनातच फिरतो. सपाटीवर थंडीत इंजिन नको तितकं गार राहतं, डिझेल जास्त खातं. घाटात लोड आला की तापतं. ८२ अंशांचा नवा टाकला. टाकण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, दोऱ्याला टांगून बघितला: ८२च्या आसपास हलायला लागला, ९५पर्यंत पूर्ण उघडला. नवी वस्तूही अशी बघून घ्यावी.

आत बोअरचं पाणी होतं, त्याने पांढरा थर धरलेला. ते सोडून, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं. पंख्याचा बेल्ट अंगठ्याने दाबून १०-१२ मिमी झुकेल इतका ताणला. रेडिएटरचं झाकण ०.९ बारचं, रबर ठीक, तेच ठेवलं.

पुढच्या भरलेल्या खेपेला घाटमाथ्यावर ८९ अंश, काटा मध्यावर.

एक्सिलेटर केबल सगळ्यात शेवटी बदलली. आधी बदलली असती तर तिसरीही जळाली असती. मागच्या उजव्या दिव्याचा होल्डर गंजलेला आहे, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. तोही अर्थचाच दोष आहे, पण त्या होल्डरपुरता. होल्डर बदलून त्याची अर्थ वायर स्क्रूऐवजी थेट चेसीला नेणं हे काम पुढच्या सर्व्हिसला ठेवलं आहे.